गोन्साल्विस आडनावाचा माग : वऱ्हाडातील शोधकासाठी मार्गदर्शन

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे आज कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात मोडतात. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखाली येणारा चर्चचा प्रशासकीय प्रदेश, आणि अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याच्या बिशपांची नामावली पाहिली, तर जोसेफ रोझारिओ हे १९५५ पासून १९९५ पर्यंत, त्यांच्यानंतर एडविन कुलासो, २००७ पासून लूर्ड्स डॅनियल, २०१२ पासून एलियस गोन्साल्विस आणि २०२१ पासून माल्कम सिक्वेरा अशी पाच नावे समोर येतात. यांतील डॅनियल हे बायबलमधील नाव वगळले, तर उरलेली चारही आडनावे पोर्तुगीज आहेत. पोर्तुगीजांची सत्ता वऱ्हाडावर कधीही नव्हती, तरीही ही आडनावे येथपर्यंत पोहोचली, आणि अशा आडनावाच्या कुटुंबाला आपले मूळ शोधायचे असेल, किंवा स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचा अर्थ लावायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी हे सांगण्यासाठी गोन्साल्विस या एका आडनावाचा माग येथे घेतला आहे.

पोर्तुगीज आडनावे अनेक वाटांनी घडली, आणि त्यांपैकी चार ठळक वाटा वरील नामावलीतच भेटतात. रोझारिओ म्हणजे जपमाळ. हे भक्तीतून आलेले नाव आहे. कुलासो किंवा कोलासो या शब्दाचा जुन्या पोर्तुगीजमधील अर्थ दूधभाऊ असा आहे, म्हणजे एकाच दाईच्या दुधावर वाढलेला. हे नात्यावरून पडलेले नाव होय. सिक्वेरा हे स्थळावरून आलेले असून त्याच्या मुळाशी ‘कोरडा’ या अर्थाचा शब्द आहे, आणि त्याच मुळातील ‘सेकेइरो’ या शब्दाने पोर्तुगालमधील शेतकरी आजही ओलिताची सोय नसलेली, पावसाच्या भरवशावर पिकणारी जमीन ओळखतात. कोरडवाहू कपाशीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या वऱ्हाडी वाचकाला याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. तथापि वऱ्हाडात ‘कोरडे’ हे आडनाव आहे म्हणून त्याचे आणि सिक्वेराचे काही नाते असेल, असे मात्र मानू नये. अर्थ किंवा उच्चार जुळला म्हणजे मूळ जुळले, ही समजूत आडनावांच्या अभ्यासात सर्वांत अधिक दिशाभूल करते. चौथी वाट पित्याच्या नावाची, आणि गोन्साल्विस याच वाटेने आलेले आहे.

गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा मुलगा. गोन्सालो हे व्यक्तिनाव जर्मानिक भाषांतून आले. रोमन साम्राज्य ढासळल्यावर पाचव्या शतकापासून स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरलेल्या सुएवी आणि व्हिसिगोथ टोळ्यांनी अशी नावे तेथे रुजवली. या नावाचे लॅटिन रूप ‘गुन्दिसाल्वुस’ असे होते आणि त्यातील पहिल्या भागाचा अर्थ युद्ध असा आहे. त्याला पोर्तुगीजमध्ये ‘एस’ आणि स्पॅनिशमध्ये ‘एझ’ हा अपत्यवाचक प्रत्यय लागून पोर्तुगीज गोन्साल्विस आणि स्पॅनिश गोन्साल्येझ ही जुळी आडनावे तयार झाली. फर्नांदोवरून फर्नांडिस, रोद्रिगोवरून रॉड्रिग्ज, लोपोवरून लोपीस, मेन्दोवरून मेंडीस, नूनोवरून नुनीस ही सर्व याच साच्यातील आहेत, आणि या प्रत्येकाचा ‘एझ’ने संपणारा स्पॅनिश जोडीदार आहे. स्पॅनिश रूप आज स्पेनमध्ये आणि त्याच्या जुन्या अमेरिकी वसाहतींत अत्यंत सामान्य आहे. पोर्तुगीज रूप पोर्तुगाल, ब्राझील, केप व्हर्दे, आणि मदेइरा बेटावरून एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांमुळे गयाना व हवाईपर्यंत पसरलेले आहे.

आरंभी हे आडनाव नव्हतेच; ते दर पिढीला बदलत असे. दहाव्या शतकातील पोर्तुगालच्या काउंट घराण्यात मेन्दो गोन्साल्विस याचा मुलगा गोन्सालो मेंडीस आणि त्याचा मुलगा पुन्हा मेन्दो गोन्साल्विस, असा क्रम दिसतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत महाराष्ट्रातही जुनी असल्यामुळे ही आलटून-पालटून येणारी साखळी मराठी वाचकाला लगेच उमगेल. मराठी माणूस पित्याचे नाव मधल्या जागी लिहितो, म्हणून ते पिढीगणिक बदलते आणि जिवंत राहते. पोर्तुगालमध्ये ते शेवटच्या जागी होते, आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धात ते हळूहळू वंशपरंपरागत झाल्यावर त्यातील ‘अमक्याचा मुलगा’ हा अर्थ विझला. गोन्सालो हे नाव लोकप्रिय असल्याने परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या शेकडो घरांत एकाच वेळी गोन्साल्विस हे आडनाव स्थिरावले. त्यामुळे खुद्द पोर्तुगालमध्येही सर्व गोन्साल्विस एका घराण्याचे नाहीत, आणि संकेतस्थळांवर पैसे घेऊन ‘गोन्साल्विस घराण्याचे राजचिन्ह’ विकले जाते ते घेण्यात काही अर्थ नाही; अशी चिन्हे विशिष्ट व्यक्तीला किंवा घराण्याला बहाल केलेली असत, आडनावाला नव्हे.

भारतात या आडनावाचा प्रवास आणखी निराळा झाला. १५१० मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर काही पोर्तुगीज पुरुषांनी येथील स्त्रियांशी विवाह केले. अशा विवाहित स्थायिकांना ‘कझादो’ म्हणत, आणि त्यांच्या संततीकडे पित्याचे आडनाव रक्तानेच आले. पण अशी घरे थोडी. बहुसंख्य कुटुंबांना आडनाव मिळाले ते बाप्तिस्म्यात, म्हणजे पाण्याने दीक्षा देऊन ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीत. त्या वेळी नवदीक्षिताच्या मागे एक धर्मपिता उभा राहत असे, पोर्तुगीजमध्ये त्याला ‘पाद्रिन्यो’ म्हणत, आणि त्याचे किंवा विधी करणाऱ्या पाद्रीचे आडनाव नवदीक्षिताला मिळण्याची चाल होती. गावातील अनेक घरांना एकाच वेळी दीक्षा दिली गेली असेल, तर त्या साऱ्या घरांवर एकच आडनाव पडले, आणि उलट दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असतील, तर एक भाऊ गोन्साल्विस आणि दुसरा परेरा झाला. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावर १६७६ मध्ये जन्मलेले आणि पुढे श्रीलंकेत सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक मानले गेलेले धर्मगुरू जाकोमे गोन्साल्विस हे कोकणी ब्राह्मण कुळातील होते. त्यांचे आडनाव पोर्तुगीज, कूळ मात्र गोव्याचेच.

म्हणून शोधकाने पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी की भारतातील पोर्तुगीज आडनाव हा रक्ताचा पुरावा नसून एका प्रसंगाचा पुरावा आहे : कोणत्या तरी चर्चमध्ये, कोणत्या तरी दिवशी, कोणी तरी कोणाच्या मागे उभे राहिले होते. वऱ्हाडी वाचकाला हे ‘देशमुख’ या आडनावावरून सहज कळेल. देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार अधिकारी. हे पद ज्या ज्या घराकडे होते त्या त्या घराचे ते आडनाव झाले, म्हणून ते वऱ्हाडात अनेक जातींत आणि मुसलमानांतही आढळते, आणि दोन देशमुख भेटले तर ते भाऊबंद असतीलच असे कोणी धरून चालत नाही. गोन्साल्विसांबाबतही तेच धरून चालावे. शोध आडनावाचा करू नये. शोध गावाचा, चर्चचा आणि धर्मपित्याचा करावा.

गोवा हे या आडनावाचे भारतातील एकमेव माहेर नाही. चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ला उभारण्यास आरंभ केला. त्यालगतच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून जन्मलेली बोली आजही बोलली जाते. वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून त्यांच्याकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने ती जिंकली. या दोन शतकांत तेथील सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील अनेक घरे ख्रिस्ती झाली, आणि त्यांची घरची भाषा मराठीच्याच बोली राहिल्या. १५५७ च्या सुमारास वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचले. त्यांच्यामुळे गोन्सालो हे व्यक्तिनाव वसईत परिचित आहे, आणि म्हणूनच जुन्या नोंदी चाळताना गोन्सालो हे नाव आणि गोन्साल्विस हे आडनाव यांची गल्लत होणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. मुंबई-साष्टीच्या अशा मूळ कॅथलिकांनी गोवेकर आणि मंगळूरकरांहून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. मंगळूरचा प्रवाह तिसरा. तो मुख्यतः गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी कुटुंबांचा आहे.

वऱ्हाडात हे प्रवाह उशिरा आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि त्यानंतर रेल्वे, कापसाचा व्यापार, कॉन्व्हेंट शाळा, दवाखाने आणि चर्चची सेवा या निमित्तांनी किनारपट्टीची माणसे या मुलखात येणे सोपे झाले. याउलट वऱ्हाडातच ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची कथा बहुधा प्रॉटेस्टंट मिशनांशी जोडलेली आहे. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन आणि अचलपूर-मेळघाटाकडे कोरकू मिशन काम करत होते, आणि त्यांच्याकडे आलेल्यांची मराठी किंवा कोरकू आडनावे बहुतांशी तशीच राहिली. यातून शोधकाला एक उपयोगी खूण मिळते : वऱ्हाडातील कुटुंबाचे आडनाव पोर्तुगीज असेल, तर त्याचे पूर्वज बाहेरून आलेले असण्याची शक्यता मोठी, आणि शोधाची दिशा पश्चिमेकडे किनाऱ्याला. या नियमाला एक अपवाद ध्यानात ठेवावा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मिशनांच्या अनाथाश्रमांत आलेल्या मुलांना संस्थेतच नवे नाव मिळालेले असू शकते, आणि अशा घराण्यात आडनावावरून मागे जाण्याचा रस्ताच नसतो. तेथे संस्थेची दाखल नोंद हाच आरंभबिंदू समजावा.

प्रत्यक्ष शोधाला वऱ्हाडातूनच सुरुवात करावी, आणि ती अलीकडच्या पिढीकडून मागे जात करावी. सर्वप्रथम आडनावाची कागदोपत्री आढळणारी सर्व रूपे एका वहीत उतरवावीत. मूळ पोर्तुगीज लेखनात या आडनावातील ‘स’ हा शेपटीच्या ‘सी’ने लिहितात, गोव्यात ते लेखन टिकले, तर इंग्रजी अमलातील मुंबई आणि मंगळूरकडे शेपटी गळून साधा ‘एस’ आला, आणि शेवटी कधी ‘एस’ तर कधी ‘झेड’ लिहिला गेला. देवनागरीत गोन्साल्विस, गोन्सालवीस, गोंसालविस, गोन्साल्वीज अशी रूपे एकाच घरात सापडतात. शेवटी ‘झेड’ दिसला म्हणून पूर्वज स्पॅनिश असल्याचा निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा ती फक्त कारकुनाच्या हाताची सवय असते.

त्यानंतर सरकारी नोंदी पाहाव्यात. विदर्भातील गावोगावी जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाकडून ठेवली जाई, आणि ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वह्या तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहण्यास मागता येतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर तितकेच मोलाचे असते, कारण त्यात जन्मस्थान आणि आधीची शाळा यांचे रकाने असतात, आणि ‘आधीची शाळा’ या एका रकान्यातून कुटुंब कोठून आले ते कधी कधी चटकन उलगडते. जुने सरकारी कागद मागताना वऱ्हाडाचा प्रशासकीय इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा : हा मुलूख १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, त्यामुळे वरिष्ठ कार्यालयांचे कागद अनेकदा मुंबईपेक्षा नागपूरला सापडतात.

परंतु या शोधाचा कणा म्हणजे चर्चची नोंदवही, आणि ती वाचण्याची रीत नीट समजून घ्यावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, बालकाचे नाव, पिता, माता आणि तिचे माहेरचे आडनाव, निवासस्थान, धर्मपिता-धर्ममाता आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूंची सही असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ वह्या लॅटिनमध्ये आणि गोव्यातील पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या आहेत, पण शब्द ठरावीक असतात : ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, ‘पाट्रिनी’ म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, आणि पोर्तुगीज ‘नातुराल द’ म्हणजे अमुक गावी जन्मलेला. सर्वांत महत्त्वाची असते ती समासातील नोंद. कॅथलिक नियमानुसार विवाह जेथे होतो तेथील धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या चर्चला तसे कळवायचे असते आणि तेथे त्या व्यक्तीच्या मूळ नोंदीच्या कडेला विवाहाची तारीख व स्थळ लिहिले जाते. अकोल्यात विवाह झालेल्या आजोबांचा बाप्तिस्मा वसईत झाला असेल, तर वसईच्या वहीच्या कडेला अकोल्याचे नाव असावे, आणि अकोल्याच्या विवाहवहीत वसईच्या चर्चचे. म्हणून आधी विवाहाची नोंद मिळवावी, तिच्यातून बाप्तिस्म्याचे चर्च काढावे, तेथे आई-वडिलांची नावे घ्यावीत, मग त्यांचा विवाह शोधावा. असा एक एक दुवा पकडत मागे जावे. एखादा दुवा तुटला तर धर्मपित्याचे नाव हाती घ्यावे, कारण तो बहुधा मामा, काका किंवा गावचा जवळचा माणूस असतो आणि त्याच्या घराण्याच्या नोंदीतून गाव सापडते.

धर्मगुरूंना पत्र लिहिताना पूर्ण नाव, पित्याचे नाव, मातेचे माहेरचे आडनाव आणि अंदाजी वर्ष द्यावे, आणि त्या वर्षाच्या मागे-पुढे दोन-तीन वर्षे पाहण्याची विनंती करावी. ‘आमच्या गोन्साल्विस घराण्याची सर्व माहिती कळवावी’ अशा पत्राला उत्तर देणे कोणालाही शक्य नसते. या वह्या सार्वजनिक दस्तऐवज नाहीत, त्या पाहणे चर्चच्या अनुमतीवर अवलंबून आहे, आणि हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीशिवाय वंशावळीत छापणे अनुचित होय.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर प्रवाहानुसार साधने बदलतात. गोव्यात गावकरीच्या, म्हणजे गावच्या जमिनीची सामूहिक मालकी सांभाळणाऱ्या प्राचीन संस्थेच्या वह्यांत गावकऱ्यांची कुळे ‘वांगोड’ म्हणून नोंदलेली असतात, आणि गावच्या उत्पन्नातील वाटा वांगोडानुसार ठरत असल्याने ही नोंद आडनाव बदलल्यानंतरही काळजीने जपली गेली. पोर्तुगीज आडनावामागचे कूळ शोधण्याचा याहून भक्कम आधार दुसरा नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची असून इतिहासकार दियोगो दो कोउतो हा त्याचा पहिला अभिलेखपाल होता. मंगळूरच्या कुटुंबांत प्रभू, कामत, नायक, शेणॉय, पै अशी धर्मांतरापूर्वीची आडनावे तोंडी परंपरेने टिकून आहेत. मात्र टिपू सुलतानाने १७८४ मध्ये तेथील ख्रिस्ती समाजाला श्रीरंगपट्टणला कैदेत नेले आणि चर्च पाडली, त्यामुळे त्याआधीच्या वह्या मिळण्याची आशा तेथे कमी धरावी. पोर्तुगालच्या किंवा ब्राझीलच्या नोंदींपर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर हे ठाऊक असावे की पोर्तुगीज रीतीत आधी आईचे आणि शेवटी वडिलांचे आडनाव येते, तर स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचे आणि मग आईचे. हा क्रम उलटा धरला तर अख्खी वंशावळ मातुल घराण्यावर जाऊन बसते.

शोध चालू असतानाच चालू कागदपत्रांतील लेखन एकसारखे करून घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जन्मदाखला यांत तीन वेगवेगळी रूपे असतील, तर एक देवनागरी आणि एक रोमन रूप निश्चित करून राज्य शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तसे करताना जुन्या रूपांच्या छायाप्रती मात्र जपून ठेवाव्यात, कारण उद्याच्या शोधकाला तीच चुकीची वाटणारी रूपे जुन्या वहीतील नोंद ओळखायला उपयोगी पडतील.

आणि हे सर्व करण्याआधी घरातील वृद्धांशी बोलून घ्यावे, तेही त्यांच्या घरच्या बोलीत. त्यांनी उच्चारलेले गावाचे, वाड्याचे, कुळाचे नाव जसे ऐकू येते तसेच देवनागरीत उतरवावे. घरात जुने प्रार्थनेचे पुस्तक असेल तर त्याची आरंभीची व शेवटची कोरी पाने उघडून पाहावीत, कारण मुलांच्या जन्माच्या आणि माणसांच्या मृत्यूच्या तारखा तेथे लिहिण्याची प्रथा अनेक घरांत होती. त्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि पुस्तक कोणत्या लिपीत छापले आहे तेही टिपून ठेवावे : रोमन लिपीतील कोकणी असेल तर पहिले पत्र गोव्याला, कन्नड लिपीतील असेल तर मंगळूरला, आणि देवनागरी मराठी असेल तर वसई किंवा चौलला पाठवावे.